टूरिंग कार मालिका काढताय? मग आधी शेवटच्या रांगेतल्या ड्रायव्हरचा हिशेब मांडा

प्रश्न पुण्यातल्या तिघा मित्रांचा आहे. एकाचं भोसरीत ट्यूनिंगचं गॅरेज आहे, दुसरा इव्हेंटवाला, आणि तिसऱ्याकडे घालायला थोडं भांडवल आहे. त्यांना राष्ट्रीय पातळीवरची टूरिंग कार, म्हणजे रस्त्यावरच्या गाड्यांवरून बनवलेल्या रेसगाड्यांची, मालिका सुरू करायची आहे. आराखडा तयार आहे: सहा शहरांच्या नावाचे फ्रँचायझी संघ, परदेशातून आणलेल्या तयार टीसीआर रेसगाड्या, शहरातल्या रस्त्यांवरची दोन स्ट्रीट सर्किट आणि टीव्हीवर थेट प्रक्षेपण. पहिलं पाऊल कोणतं टाकावं आणि साधारण किती पैसे लागतील, असं विचारलंय.

माझी बरीच वर्षं स्क्रुटिनिअरिंगच्या शेडमध्ये गेली, म्हणजे गाडी नियमात बसते की नाही हे तपासण्यात. त्यामुळे माझं उत्तर थोडं रुक्ष वाटेल. तुमच्या आराखड्यात प्रेक्षक आहे, प्रायोजक आहे, संघमालक आहे. चौदाव्या नंबरावर रेस संपवणारा, स्वतःच्या खिशातून पैसे घालणारा ड्रायव्हर मात्र त्यात कुठेच नाही. मालिका चालते ती त्याच्या जिवावर. पहिले तिघे कुठूनही येतात. त्यांना प्रायोजक मिळतात, काका-मामा मिळतात. चौदाव्याला एका अपघातानंतर पुढच्या महिन्यात परत यायला परवडलं, तर तुमची मालिका पाचव्या वर्षीही उभी असेल. नाही परवडलं, तर दुसऱ्या मोसमाच्या मध्यावर ग्रिडवर, म्हणजे सुरुवातीच्या रांगेत, सात गाड्या असतील आणि कॉमेंटेटर ‘चुरशीची लढत’ असं ओरडत असेल.

आपल्याकडे घोषणांचा तुटवडा कधीच नव्हता. २०११-१२ च्या सुमारास आय-वन सुपर सिरीज या रेसिंग लीगची केवढा गाजावाजा करत घोषणा झाली होती. शहरांचे संघ, परदेशी नावाजलेले ड्रायव्हर, सगळं होतं. ती पुढे ढकलली गेली आणि शेवटी झालीच नाही. २०१९ मध्ये अरमान इब्राहिम आणि आदित्य पटेल यांनी एक्स-वन रेसिंग लीग खरोखर ट्रॅकवर उतरवली, आणि त्याच वाटेने २०२२ मध्ये इंडियन रेसिंग लीग आली. त्यांच्या चिकाटीबद्दल मला आदर आहे. पण फ्रँचायझी लीगमध्ये गाड्या प्रवर्तकाच्या, म्हणजे लीग चालवणाऱ्याच्या, असतात, त्यामुळे पैशाचा ओघ एका मोसमापुरता जरी आटला तरी सगळं थांबतं. तुमच्या भांडवलात हा धोका पेलणार नाही.

एकाच कंपनीच्या गाड्यांची मालिका हाही मार्ग आहे, आणि त्याचा सगळ्यात चांगला नमुना आपल्या दारातलाच आहे. फोक्सवॅगनने २०१० मध्ये पोलो कप सुरू केला. पहिल्या मोसमात चक्क डिझेल पोलो धावल्या. २०१५ मध्ये व्हेंटो कप आणि २०१७ मध्ये आमियो कप आला. आमियो कपच्या गाडीत १.८ टीएसआय इंजिन होतं, २०५ पीएसचं (पीएस म्हणजे जवळपास अश्वशक्तीच). ड्रायव्हरने मोसमाची फी भरायची, हेल्मेट घेऊन यायचं आणि तयार गाडीत बसायचं. गाडी, मेकॅनिक, इंजिनिअर, टायर, वाहतूक हे सगळं कंपनीकडे. कोल्हापूरच्या ध्रुव मोहितेसारखी मुलं यातून गेली. ड्रायव्हर घडवायला यापेक्षा चांगली शाळा मी पाहिलेली नाही. पण अशा व्यवस्थेत खासगी संघ तयार होत नाहीत, गॅरेजवाला काही शिकत नाही आणि सेकंडहँड गाड्यांचा बाजार उभा राहत नाही. टोयोटाने इटिऑस मोटर रेसिंग काढली होती, ती थोड्याच काळात आटोपली. कंपन्या मार्केटिंगच्या बजेटवर रेस करतात, आणि ते बजेट ज्या मजल्यावर ठरतं तिथे तुमचा फोन उचलला जात नाही.

कंपन्यांच्या भरवशावर राहिल्याने मोठमोठ्या मालिका झोपल्या आहेत. जर्मनीची टूरिंग कार मालिका डीटीएम घ्या. १९९६ मध्ये तिचं आंतरराष्ट्रीय रूप होतं. मोसम संपताना अल्फा रोमिओ आणि ओपल बाहेर पडल्या आणि मालिका बंद. पुढे नव्याने सुरू झालेल्या डीटीएममधून २०१८ अखेर मर्सिडीज गेली, मग ऑडीने जाहीर केलं की २०२० नंतर आम्हीही नाही. शेवटी २०२१ पासून तिथे जीटी३, म्हणजे स्पोर्ट्स कारच्या रेसगाड्या, धावू लागल्या, म्हणजे टूरिंग कारची मालिका टूरिंग कारच्या गाड्याच सोडून बसली.

ब्रिटनची टूरिंग कार मालिका बीटीसीसी तुम्ही नीट वाचायला हवी, कारण तिथे दोन्ही बाजू दिसतात. १९५८ पासूनची मालिका. १९९१ मध्ये त्यांनी वेगवेगळे वर्ग मोडून सगळ्यांसाठी २ लिटर इंजिनचं एकच सूत्र, म्हणजे नियमांचा एकच साचा, आणला. सोपं, स्वस्त, शेजाऱ्याच्या दारात उभ्या असलेल्या गाडीसारखी दिसणारी गाडी. प्रेक्षक तुटून पडले आणि जगभर त्याची नक्कल झाली. आणि तिथूनच खर्चाची शर्यत लागली. १९९४ मध्ये अल्फा रोमिओने १५५ ची अशी आवृत्ती रस्त्यावर विकायला काढली, जिच्या डिकीत मागच्या स्पॉयलरचे वाढीव भाग सुटे ठेवलेले होते. मालकाने हवं तर बसवावेत! कागदोपत्री ते रस्त्यावरच्या गाडीचेच भाग, म्हणून रेसमध्ये बसवले. बाकीच्यांनी आक्षेप घेतला, अल्फाचा संघ ऑल्टन पार्कहून रागाने निघून गेला, मग परत आला, आणि त्यांचा ड्रायव्हर टार्क्विनीने अजिंक्यपदही नेलं. पुढच्या वर्षी सगळ्यांच्याच गाड्यांना पंख फुटले. २००० सालापर्यंत फोर्ड, होंडा आणि व्हॉक्सहॉल एवढेच तीन कारखाना-संघ उरले आणि ते सूत्र गुंडाळावं लागलं. २०११ मध्ये आलेल्या एनजीटीसी नियमांनी घडी परत बसवली: गिअरबॉक्स, सबफ्रेम, ब्रेक, ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) असे महागडे भाग सगळ्यांना एकसारखे, ठरलेल्या पुरवठादाराकडून. ज्याला स्वतःचं इंजिन बनवणं जमत नाही त्याला मालिकेचं तयार इंजिन भाड्याने. म्हणूनच तिथे आजही खासगी संघ जिंकू शकतात.

टीसीआरबद्दल. मार्चेल्लो लोट्टींनी २०१५ मध्ये हे सूत्र आणलं, आणि कल्पना उत्तम आहे: कंपनीने गाडी बनवून विकायची, स्वतः संघ चालवायचा नाही. २ लिटर टर्बो, पुढची चाकं ओढणारी, सुमारे ३५० अश्वशक्ती. पण गाडीची किंमत सव्वा लाख युरोच्या वर जाते. आजच्या दराने सव्वा कोट रुपये, तेही सीमाशुल्क आणि जहाजभाडं धरायच्या आधी. वर प्रत्येक सुटा भाग युरोपातून. पहिल्या वळणावर पुढच्या चाकाचं सस्पेन्शन तुटलं तर नवे भाग कस्टम्समधून सुटेपर्यंत पुढची फेरी होऊन जाईल. ज्यांना परवडतं ते आशियातल्या टीसीआर मालिकांत जाऊन धावतात. तुमच्याकडे कशाला येतील?

म्हणून गाडी इथलीच घ्या. इथे नशिबाने एक गोष्ट आपल्या बाजूने आहे, आणि तिचं श्रेय रेसिंगमधल्या कुणालाच नाही, करप्रणालीला आहे. चार मीटरच्या आतली लांबी आणि १२०० सीसीच्या आतलं पेट्रोल इंजिन असेल तर कर कमी, त्यामुळे बऱ्याच कंपन्या छोट्या टर्बो इंजिनांकडे वळल्या. ह्युंदाई आय-ट्वेंटी एन लाइन: ९९८ सीसी, १२० पीएस, १७२ न्यूटन-मीटर टॉर्क. २०२४ ची टाटा अल्ट्रॉझ रेसर: १.२ लिटर, १२० पीएस, १७०. फोक्सवॅगन व्हर्टसची १.० टीएसआय: ११५ पीएस, १७८. तिन्ही तीन सिलिंडरच्या, तिन्ही सहा गिअरच्या मॅन्युअलमध्ये निघालेल्या. व्हर्टस चार मीटरहून लांब आहे, तिचं वजन आणि चाकांमधलं अंतर वेगळं आहे, पण इंजिनं इतकी जवळ आहेत की बरोबरी साधायला फार कसरत करावी लागणार नाही. शिवाय व्हर्टस चाकणला बनते, अल्ट्रॉझ पिंपरी-चिंचवडमधली. भोसरीतल्या गॅरेजवाल्याला याचा अर्थ मी सांगायला नको. सुट्या भागांचे पुरवठादार तुमच्या गल्लीत आहेत.

‘टर्बो कशाला, होंडा सिटीचं १.५ चांगलं की’ असं कुणीतरी म्हणणारच. राष्ट्रीय अजिंक्यपदातल्या इंडियन टूरिंग कार वर्गात सिटी वर्षानुवर्षं धावली आहे, अर्जुन बालूसारख्या ड्रायव्हरांनी त्या वर्गात नाव कमावलं आहे, आणि नैसर्गिक श्वासाचं, म्हणजे टर्बो नसलेलं, इंजिन तपासायला सोपं असतं हे मला मान्य आहे. डायल गेज घ्या, कॅमची उचल मोजा, कॉम्प्रेशन बघा, झालं. टर्बोत चोरी सॉफ्टवेअरमध्ये आणि हवेच्या दाबात लपते. पण त्या जुन्या वर्गात ट्यूनरचा हात इतका फिरलाय की नव्या माणसाला पहिल्या गाडीशी बरोबरी करायला दोन मोसम लागतात. नव्याला घ्यायचं असेल तर सील केलेलं टर्बो आणि कडक तपासणी बरी.

तपासणी कशी होते ते थोडं सविस्तर सांगतो, कारण मालिका मोडते ती इथेच. एकदा रेसनंतर पार्क फर्मेमध्ये, म्हणजे जिथे तपासणीआधी गाडीला कुणी हात लावायचा नसतो त्या जागी, पहिल्या तीन गाड्या उभ्या होत्या. दुसऱ्या आलेल्या गाडीचं सरळ रस्त्यावरचं अंतर डोळ्यात भरण्यासारखं होतं. इंजिनची सगळी सीलं जागच्या जागी, शिशाच्या गोळीवरचा ठसाही आपलाच. ईसीयूतली फाइल वाचली, जुळली. वजन जुळलं. शेवटी आमच्यातल्या एकाने टॉर्च मारून वायरिंग बघायला घेतलं. चेन्नईची धूळ सगळ्या बॉनेटखाली एकसारखी बसली होती; मॅप सेन्सरकडे (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या) जाणाऱ्या वायरीवर मात्र बोटभर टेप कोरी करकरीत. ती सोडवली तर आत मिरीएवढा रेझिस्टर. सेन्सर ईसीयूला सांगतोय की दाब कमी आहे, आणि बिचारा ईसीयू इमानदारीने बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, वाढवतोय. फाइल वाचून हे कधीच सापडलं नसतं.

यावर उपाय महाग नाहीत, फक्त पहिल्या दिवसापासून लावावे लागतात. मालिकेचा स्वतःचा प्रेशर सेन्सर आणि डेटा लॉगर प्रत्येक गाडीत बसवा, त्याचं वायरिंग गाडीच्या वायरिंगपासून पूर्ण वेगळं ठेवा आणि किल्ली फक्त तांत्रिक प्रमुखाकडे. ईसीयू मालिकेच्या मालकीचे; क्वालिफायिंगच्या आधी पोत्यातून चिठ्ठी काढून वाटा. आज माझ्या गाडीत असलेला ईसीयू उद्या तुमच्या गाडीत, म्हणजे त्यात काही करून ठेवण्यात कुणाला रस उरत नाही. टर्बोसमोर ठरलेल्या व्यासाचा रिस्ट्रिक्टर, म्हणजे आत जाणारी हवा अडवणारी कडी. आणि तांत्रिक प्रमुख प्रवर्तकाचा मेहुणा नको, कुठल्या संघाचा जुना गिऱ्हाईक नको. तो लोकांना आवडला नाही तरी चालेल.

गाड्यांची बरोबरी साधायला वजन आणि रिस्ट्रिक्टर एवढीच दोन हत्यारं ठेवा. बदल करायचा तर दोन फेऱ्यांच्या मध्ये, लॉगरचे आकडे सगळ्या संघांना दाखवून, लेखी. शुक्रवारी सकाळी पॅडॉकमध्ये तोंडी ‘दहा किलो टाका’ सांगितलंत की तुमची पत गेली. जिंकणाऱ्याला पुढच्या रेससाठी वजन द्यायचं की उलटी ग्रिड लावायची (जिंकणारे मागून सुरू करणार), यावर तासन्‌तास वाद घालता येतो. माझं मत: वजन द्या, मर्यादित द्या. उलट्या ग्रिडने यूट्यूबवर मजा येते, पण बंपर खासगी मालकाचे फुटतात.

आता पैसे. खालचे आकडे माझा अंदाज आहेत. कोटेशन मागवून दुरुस्त करून घ्या. अल्ट्रॉझ रेसर बाजारात आली तेव्हा एक्स-शोरूम साडेनऊ लाखांपासून होती, तेवढी मूळ गाडी धरा. रोल केज (गाडीच्या आतला पोलादी पिंजरा), सीट, बेल्ट, अग्निशामक यंत्रणा, इंधन टाकीचं संरक्षण मिळून साडेतीन लाख. सस्पेन्शन, ब्रेक, ईसीयू, लॉगर, डिफरन्शियल यांना चार. म्हणजे सतरा लाखांत गाडी उभी. एका वीकेंडला टायर, इंधन, वाहतूक, दोन मेकॅनिक, प्रवेश फी, राहणं-जेवण धरून पावणेदोन लाख. पाच फेऱ्यांचे पावणेनऊ. ठोकाठोकीसाठी तीन लाख बाजूला. पहिलं वर्ष जवळपास एकोणतीस लाख, दुसरं बारा. आणि नियम बदलले नाहीत तर ती गाडी तिसऱ्या वर्षी कुणीतरी विकत घेतो.

ते ‘नियम बदलले नाहीत तर’ फार महत्त्वाचं आहे. तांत्रिक नियम किमान तीन मोसमांसाठी गोठवले असल्याचं पहिल्याच दस्तऐवजात लिहा. लोक गाडी घेतात तेव्हा तिच्या विक्रीची किंमतही मनात मांडतात. मधेच नवा गिअरबॉक्स सक्तीचा केलात की सोळा कुटुंबांची रक्कम एका सहीने अर्धी होते.

टायरवर सगळ्यात जास्त बचत होते. एकच पुरवठादार, एकच कंपाउंड (रबराचा प्रकार), प्रत्येक वीकेंडला चार नवे टायर आणि आधीच्या फेरीतले दोन चालतील. स्क्रुटिनिअरने साइडवॉलवर रंगाने खूण करायची. टायर कंपनीशी बोलताना रोख प्रायोजकत्व मागू नका, टायरच मागा. एमआरएफ आणि जेके टायर यांनी आपल्याकडचं सर्किट रेसिंग कित्येक दशकं पोसलंय, त्यांना हा व्यवहार पाठ आहे.

तुमच्या आराखड्याच्या पॉवरपॉइंटमधल्या फ्रँचायझीच्या उत्पन्नाच्या पानाबद्दल मी काही बोलत नाही.

कायदा आणि कागद. देशात मोटरस्पोर्टची अधिकृत संघटना म्हणजे एफएमएससीआय, फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया. एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेची इथली सदस्य. ‘राष्ट्रीय अजिंक्यपद’ हे शब्द तिच्या परवानगीशिवाय वापरता येत नाहीत. ड्रायव्हरचं स्पर्धा लायसन्स, संघाचं लायसन्स, मालिकेचे क्रीडा आणि तांत्रिक नियम, प्रत्येक फेरीचे पूरक नियम, क्लार्क ऑफ द कोर्स (रेस चालवणारा प्रमुख), स्टुअर्ड्स (पंच), मुख्य वैद्यकीय अधिकारी हे सगळं त्या चौकटीत येतं. परवानगीशिवाय ‘क्लब डे’ म्हणून रेस लावायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. अपघात झाला की पहिला प्रश्न परमिटचा येतो आणि विमा कंपनी दुसरा प्रश्न विचारतच नाही.

विम्यावरून आठवलं. गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत संघटित रेसिंग आणि वेगचाचणीसाठीचा वापर स्पष्ट वगळलेला असतो. चालवत ट्रॅकवर नेलेली गाडी ट्रॅकवर ठोकली तर छदाम मिळत नाही. रेसगाडी रस्त्यावर चालवायचीच नाही: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे असे बदल नोंदणीकृत गाडीत बसत नाहीत, आणि सार्वजनिक जागी शर्यत म्हणजे कलम १८९. म्हणून कंपनीकडून नोंदणी न झालेल्या गाड्या मागा. वाहतुकीत घासलेल्या, रंग खराब झालेल्या, चाचणीसाठी वापरलेल्या अशा गाड्या त्यांच्या यार्डात असतात. मार्केटिंगवाल्यांकडे कोट्यवधी मागण्यापेक्षा प्लँटकडे अशा वीस गाड्या स्वस्तात मागणं जास्त शक्यतेतलं आहे. हस्तांतराच्या कागदावर ‘रस्त्यावर वापरासाठी नाही’ असं लिहून घ्या म्हणजे त्यांचा कायदा विभागही शांत राहील.

ट्रॅक मोजकेच आहेत. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टैचं मद्रास इंटरनॅशनल सर्किट, ३.७१७ किलोमीटर, १९५३ पासूनच्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचं. तिथले अधिकारी आणि मार्शल देशात सर्वांत अनुभवी, पहिली फेरी तिथेच करा. कोइंबतूरला करी मोटर स्पीडवे, सुमारे २.१ किलोमीटर, आणि त्याच भागात ३.८ किलोमीटरचा नवा कोआस्ट. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचं, २०११ ते २०१३ मध्ये फॉर्म्युला वन झालेलं. भाडं आणि मालकीच्या वादांमुळे पहिल्या वर्षी त्याच्या नादी लागू नका. तुमच्या १२० पीएसच्या गाड्या त्या लांबच लांब सरळ रस्त्यावर रांगेत चालल्यासारख्या दिसतील. तळेगावजवळच्या नाणोलीच्या नव्या ट्रॅकमुळे तुमच्या डोळ्यात चमक आहे, माझ्याही आहे. पण होमोलोगेशनचा, म्हणजे ट्रॅक रेसला मंजूर झाल्याचा, कागद हातात आल्याशिवाय त्यावर तारीख छापू नका.

पुण्याहून चेन्नई किंवा कोइंबतूर साधारण बाराशे किलोमीटर. दर फेरीला ट्रेलर वरखाली करणं हीच मोठी गळती आहे. म्हणून गाड्या मोसमभर दक्षिणेतच ठेवा. करी आणि कोआस्ट या दोन फेऱ्या पंधरवड्याच्या अंतराने लावा आणि मधल्या काळात सगळ्यांसाठी एकच गोदाम भाड्याने घ्या. ऑक्टोबर ते डिसेंबर चेन्नईत ईशान्य मोसमी पाऊस असतो, तेव्हा तिथे तारीख घेऊ नका. चेन्नईच्या स्ट्रीट सर्किटची रात्रीची रेस डिसेंबर २०२३ मध्ये व्हायची होती, मिचाँग चक्रीवादळाने ती उधळली आणि ऑगस्टअखेर २०२४ मध्ये झाली. तेव्हाही पावसामुळे एफआयएची ट्रॅकला मंजुरी मिळायला उशीर झाला आणि शनिवारचं वेळापत्रक कोलमडलं. राज्य सरकार पाठीशी असताना ही अवस्था. तुमची दोन स्ट्रीट सर्किटं आराखड्यातून खोडा.

सुरक्षिततेवर घासाघीस नाही. जानेवारी २०२३ मध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर सलून कारच्या रेसमध्ये अपघातात के. ई. कुमार यांचा जीव गेला. ५९ वर्षांचे, सगळ्यांच्या ओळखीचे, अनुभवी ड्रायव्हर. आपल्यासारख्याच गाड्यांचा वर्ग. छोट्या गाड्यांचा वेग कमी म्हणून धोका कमी, या समजुतीत कुणी राहू नये. रोल केजचा मुख्य हूप (ड्रायव्हरमागची मोठी कमान) एफआयएच्या नियमाप्रमाणे ४५ बाय २.५ किंवा ५० बाय २ मिलिमीटरच्या सीमलेस, कोल्ड-ड्रॉन पाइपचाच हवा. गॅरेजवाले ‘यापेक्षा जाड टाकलाय’ म्हणत बाजारातला शिवणीचा पाइप वापरतात. वेल्डवर रंग मारण्याआधी तपासणी ठेवा, नंतर काही दिसत नाही. सीट आणि बेल्टवरच्या एफआयए लेबलची मुदत वाचा. हँस (अपघातात मान सांभाळणारं उपकरण) सक्तीचा, नव्या मुलांना मालिकेतर्फे भाड्याने द्या. ट्रॅकवर किमान दोन सुसज्ज अँब्युलन्स, कारण एक रुग्णालयाकडे निघाली की दुसरी असल्याशिवाय रेस चालूच होऊ शकत नाही. मग तुमचं थेट प्रक्षेपण रिकामा ट्रॅक दाखवत बसतं.

आणि मार्शल. उन्हात सकाळी सातपासून झेंडा घेऊन उभा असलेला मुलगा बहुतेक वेळा कॉलेजातला असतो. त्याला वेळेवर पाणी, सावली, जेवणाचा डबा आणि परतीची बस मिळत नसेल तर दुपारच्या रेसला पिवळा झेंडा दोन सेकंद उशिरा वर जातो. बजेटमध्ये या ओळीला हात लावू नका. व्हीआयपी लाउंज कापा.

ड्रायव्हर कुठून आणणार? ड्रायव्हर आहेत. कोल्हापुरात मोहित्यांच्या ट्रॅकवर कार्टिंग करणारी पोरं आहेत, पुण्या-मुंबईत सिम्युलेटरवर तासन्‌तास घालवणारी आहेत, अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग रेसला स्वतःची गाडी घेऊन येणारे चाळिशीतले हौशीही आहेत. हे शेवटचे तुमचे खरे गिऱ्हाईक. त्यांच्यासाठी ४५ वर्षांवरच्यांचा वेगळा करंडक ठेवा, एका गाडीत दोघांना वाटून घेण्याची मुभा द्या: शनिवारची रेस एकाने, रविवारची दुसऱ्याने. खर्च निम्मा होतो आणि ग्रिड भरते.

प्रक्षेपणाचं थोडक्यात. टीव्ही स्लॉट विकत घेऊ नका. यूट्यूबवर चार स्थिर कॅमेरे, सहा गाड्यांत ऑनबोर्ड, पडद्यावर बिनचूक टायमिंग आणि तमिळ, मराठी, इंग्रजी कॉमेंट्री. टायमिंग चुकलं तर बाकी कशाला अर्थ नाही.

तर पहिल्या वर्षी स्वतंत्र मालिका काढूच नका. सध्याच्या राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या वीकेंडमध्ये एक सपोर्ट वर्ग, म्हणजे मुख्य रेसच्या जोडीची छोटी रेस, म्हणून जागा मागा. ट्रॅक, मार्शल, डॉक्टर, टायमिंग हे सगळं तिथे आधीच असतं. तुम्ही फक्त गाड्या आणि नियम आणायचे. तीन फेऱ्या, दहा-बारा गाड्या, अजिंक्यपद नाही, नुसता करंडक. त्यात लॉगरचे आकडे जमतील, कुठला भाग तुटतो ते कळेल, कोण उधारी बुडवतो तेही कळेल. सोळा गाड्यांची लेखी मागणी आणि आगाऊ रक्कम हातात आली की मग फेडरेशनकडे स्वतंत्र दर्जासाठी जा.

या महिन्यात करायचं काम एवढंच: तिन्ही प्रकारची एकेक गाडी भाड्याने किंवा मित्राकडून मिळवा, फक्त ब्रेक पॅड, ब्रेक फ्लुइड आणि टायर बदला, आणि करी स्पीडवेचा मधल्या वारचा एक दिवस बुक करा, तो वीकेंडपेक्षा स्वस्त पडतो. गाड्या ट्रेलरवरून न्या. तिन्ही गाड्यांत एकच ड्रायव्हर बसवा, प्रत्येकीत वीस-वीस लॅप, आणि ब्रेकचं, गिअरबॉक्सच्या तेलाचं, इनटेक हवेचं तापमान लिहून काढा. ते आकडे घेऊन या, मग रिस्ट्रिक्टर किती मिलिमीटरचा ठेवायचा ते बोलू.